चिडक्या मुलाचं निदान : एका नावामागचा वाद

मुलाच्या अहवालावर 'डीएमडीडी' (सततची चिडचिड आणि रागाचे उद्रेक यांसाठीचं निदान) ही अक्षरं पहिल्यांदा दिसली की पालक बुचकळ्यात पडतात. जुन्या कागदावर 'ओडीडी' (न ऐकण्याचा, उलट वागण्याचा विकार) असतं, मध्येच कुणी 'बायपोलर' (उन्माद म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं असतं. मूल तेच आणि त्याचा आरडाओरडाही तोच. मग आजार तीन कसे? हा गोंधळ समजायचा तर मागे जावं लागतं, पण फार मागे नाही.

'वाईट वागणूक' हा डॉक्टरांचा विषय झाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1902 मध्ये लंडनमधल्या एका बालरोगतज्ज्ञाने बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांच्या लेखी हा 'नैतिक नियंत्रणा'तला दोष होता. 1937 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलेली काही मुलं वर्गात शांतपणे अभ्यासाला लागल्याचं दिसलं. त्याच वर्षी मुंबईत समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेला जोडून बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झालं.

उपचारांना खरी दिशा मिळाली ती साठच्या दशकापासून. ओरेगनमधले संशोधक कुटुंबांच्या घरी जाऊन बसले आणि आईबाप व मूल यांच्यात क्षणाक्षणाला काय घडतं ते टिपू लागले. आई काही सांगते, मूल किंचाळतं, आई माघार घेते, मूल गप्प होतं. किंचाळलं की काम टळतं हे मूल शिकतं. माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकते. दोष एकट्या मुलाचा नाही आणि एकट्या आईचाही नाही. पालक प्रशिक्षणाचा सगळा डोलारा याच निरीक्षणावर उभा आहे. आज्ञा थोडक्यात आणि स्पष्ट द्यायची, चांगलं वागणं लगेच टिपायचं, परिणाम आधी सांगायचा आणि तो पाळायचा. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कमाई हीच.

निदानाच्या नावांचं मात्र वेगळंच चाललं होतं. अमेरिकी निदान-पुस्तिकेत (डीएसएम) 1980 मध्ये 'ऑपोझिशनल डिसऑर्डर' आलं, 1987 मध्ये त्यात 'डिफायंट' जोडलं गेलं आणि 'ओडीडी' तयार झालं. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या : न ऐकणं आणि सतत चिडणं. पुढचा गुंता इथूनच सुरू झाला, कारण दिवसभर धुमसणाऱ्या मुलांसाठी हे नाव अनेकांना तोकडं वाटत होतं.

नव्वदच्या दशकात बोस्टनमधल्या एका गटाने मांडलं, की मुलांमधला उन्माद मोठ्यांसारखा झटक्यांनी येत नाही, तो कायमच्या चिडचिडीच्या रूपात दिसतो. एवढ्या एका विधानाने हजारो चिडकी मुलं बायपोलर ठरली. 1994-95 ते 2002-03 या काळात अमेरिकेत वीस वर्षांखालच्या रुग्णांच्या दवाखाना-भेटींमध्ये हे निदान सुमारे चाळीस पटींनी वाढलं. पाठोपाठ अँटीसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरची) औषधं आली, आणि वजन व रक्तातली साखर वाढण्याचे त्रासही. 2008 मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीतून उघड झालं, की या मताच्या आघाडीच्या पुरस्कर्त्यांनी औषध कंपन्यांकडून घेतलेल्या रकमा विद्यापीठाला पूर्ण कळवल्या नव्हत्या. हे वाचताना आजही राग येतो.

दरम्यान दुसऱ्या संशोधकांनी अशा मुलांचा पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सतत चिडणारी मुलं मोठेपणी प्रामुख्याने नैराश्य आणि चिंतेकडे गेली, बायपोलरकडे नाही. मग बायपोलरची लाट थोपवायची कशी? 2013 च्या डीएसएम-5 मध्ये यावर नवा आजारच निर्माण केला गेला : 'डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर', म्हणजेच डीएमडीडी. आठवड्यातून तीन किंवा अधिक उद्रेक, मधल्या वेळातही बहुतेक दिवस चिडचिड, हे किमान बारा महिने, आणि सुरुवात दहाव्या वर्षाआधी. त्याला जागा मिळाली थेट नैराश्याच्या प्रकरणात. हे निदान झालं की ओडीडी वेगळं लिहायचं नाही, असाही नियम झाला.

हेतू चांगला होता, पण एक चुकीचं लेबल काढायला दुसरं, पुरतं न तपासलेलं लेबल लावणं मला पटत नाही. पुस्तिकेचे निकष प्रत्यक्ष रुग्णांवर वापरून पाहणाऱ्या क्षेत्र-चाचण्यांत एकाच मुलाला तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांचं या निदानावर जेमतेम एकमत होत होतं; सहमतीचा आकडा 0.25 होता (पूर्ण सहमती म्हणजे 1). 2012 च्या एका पाहणीत डीएमडीडीच्या निकषांत बसणारी जवळपास सगळी मुलं ओडीडी किंवा कंडक्ट डिसऑर्डरमध्येही (मारामारी, चोरी, नियम मोडणं अशा गंभीर वर्तनाचं निदान) बसत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने (आयसीडी) वेगळी वाट धरली. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये नवा आजार नाही. ओडीडीचं निदान करताना 'दीर्घकालीन चिडचिड-रागासह' की 'त्याविना' एवढंच नोंदवायचं. त्याच वर्षी डीएसएमची सुधारित आवृत्ती निघाली आणि तिने डीएमडीडी कायम ठेवलं.

आपल्याकडे दोन्ही पुस्तकं वापरली जातात. म्हणून अहवाल हातात आला की तो कोणत्या पुस्तकाच्या आधारे लिहिलाय हे आधी विचारावं, आणि दोन उद्रेकांच्या मधल्या वेळात मूल कसं असतं हे तपासणाऱ्याला आपणहून सांगावं. गोळ्यांचा विषय निघाला तर हेही ठाऊक असू द्यावं, की डीएमडीडीसाठी म्हणून खास मंजूर झालेलं औषध अमेरिकेतही नाही.