दोन माणसं की तीन? कारपूल लेनचं खरं गणित

गर्दीच्या फ्रीवेला, म्हणजे अमेरिकेतल्या सिग्नल नसलेल्या महामार्गाला, एक लेन वाढवायची आणि ती फक्त एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवायची, एवढीच कारपूल लेनची कल्पना. ती चालते की फसते, हे मात्र काँक्रीटपेक्षा पाटीवरच्या एका आकड्यावर ठरतं: गाडीत किमान किती माणसं हवीत?

फ्रीवेची साधी लेन तासाला सुमारे 2000 गाड्या वाहून नेते. कारपूल लेन एकटी असते, पुढची गाडी रेंगाळली तर ओलांडायला जागा नसते. शिवाय शेजारची लेन तुंबलेली असली की कोणीतरी अचानक आत घुसेल या धास्तीने चालक वेग कमी करतात. म्हणून कॅलिफोर्नियात तिची मर्यादा तासाला 1650 गाड्यांच्या आसपास धरतात. त्यापलीकडे वेग कोसळतो. उलट 800 पेक्षा कमी गाड्या धावल्या, तर शेजारी अडकलेल्यांना रिकामी लेन डोळ्यांत खुपते. या दोन आकड्यांमध्ये गर्दी राखणं हेच सगळं काम.

लॉस एंजेलिसच्या एल मॉन्टे मार्गावर याचा पुरावा मिळाला. 1973 मध्ये बससाठी सुरू झालेल्या या लेनवर पुढे तीन माणसांच्या गाड्यांनाही मुभा मिळाली. जानेवारी 2000 मध्ये कायदा करून ही अट दोनवर आणली. सकाळच्या ऐन गर्दीत लेनमधल्या गाड्या तासाला सुमारे 1100 वरून 1600 झाल्या, वेग मात्र ताशी 105 किलोमीटरवरून 32 वर आला. गाड्या वाढूनही माणसं घटली, 5900 वरून 5200. बस रखडल्या, पूर्वी तीन-तीन जण मिळून जाणाऱ्यांना तिसरा शोधायचं कारण उरलं नाही, आणि बाजूच्या लेनही मोकळ्या झाल्या नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये गर्दीच्या वेळेसाठी तीनची अट परत आणावी लागली.

लेन आणायची कुठून, हाही प्रश्न आहेच. 1976 मध्ये लॉस एंजेलिसच्याच सांता मोनिका फ्रीवेवर असलेलीच एक लेन कारपूलसाठी राखली. लोकांचा इतका संताप झाला की प्रकरण कोर्टात गेलं आणि काही महिन्यांत प्रयोग गुंडाळला. नवी लेन बांधणं लोकांच्या पचनी पडतं, पण महाग पडतं. त्याच शहरातल्या 405 फ्रीवेच्या सेपुल्वेडा खिंडीत उत्तरेकडे 16 किलोमीटरची एक लेन वाढवताना पूल पाडून पुन्हा बांधावे लागले, फ्रीवेवर चढण्या-उतरण्याचे 27 रॅम्प हलवावे लागले. 2014 मध्ये ती सुरू होईपर्यंत खर्च 100 कोटी डॉलरच्या वर गेला होता. तरी गर्दी हटली नाही. इतर रस्त्यांनी किंवा इतर वेळी जाणारे लोक मोकळी जागा दिसली की तिकडे वळतात. अशा लेनकडून शेजारचा ट्रॅफिक जाम सुटण्याची अपेक्षा ठेवणंच चूक आहे. ती त्याच रुंदीत जास्त माणसं नेऊ शकते, एवढंच, आणि तेही थोडंथोडकं नाही.

पैसे वाचवण्यासाठी 3.6 मीटरच्या लेन थोड्या अरुंद करतात आणि मधल्या भिंतीलगतची मोकळी पट्टी खाऊन टाकतात. मग बंद पडलेली गाडी लेनमध्येच अडकते, वळणावर भिंतीपलीकडचं दिसत नाही, पोलिसांना उभं राहायला जागा उरत नाही. तसंच कारपूल लेनमधून बाहेर पडायची फट आणि फ्रीवेवरून उतरायचा रॅम्प यांत पुरेसं अंतर लागतं: प्रत्येक लेन बदलायला सुमारे 240 मीटर. चार लेन ओलांडायच्या तर जवळजवळ एक किलोमीटर. तेवढं नसेल, तर चालक शेवटच्या क्षणी आडवे घुसतात आणि मागची सगळी रांग ब्रेक दाबते.

एल मॉन्टेची लेन 2013 पासून टोलची झाली आहे. काचेला लावायच्या टोलयंत्रावर 1, 2, 3 असे आकडे असतात, गाडीत जितकी माणसं तितक्यावर बटण सरकवायचं. गर्दीच्या वेळी तिघे असतील तर टोल माफ, दोघांना भरावा लागतो. टोलचा दर गर्दीप्रमाणे चढतो-उतरतो, जेणेकरून वेग ताशी 72 किलोमीटरच्या खाली जाऊ नये.