क्लिनिकल कार्डिओलॉजीची दोन वर्षे आणि खान्देश

एमडीनंतर तीन वर्षांचे डीएम, म्हणजे त्यापुढची पदवी, ही कार्डिओलॉजिस्ट (हृदयरोगतज्ज्ञ) होण्याची रुळलेली वाट. त्या वाटेने गेलेला डॉक्टर शहरातली कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, जवळ करतो, आणि सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याचा पेशंट नाशिक नाहीतर सुरत गाठतो.

२००६ मध्ये एका मुक्त विद्यापीठाने एमबीबीएस डॉक्टरांसाठी क्लिनिकल कार्डिओलॉजीचा दोन वर्षांचा पूर्णवेळ डिप्लोमा काढला. शिक्षण पत्राने नव्हते, नामांकित हृदयरोग रुग्णालयांत होते: ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी), आयसीसीयू (हृदयरोग्यांचा अतिदक्षता विभाग). अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणे, त्यात नव्हती.

इथेच वाद पेटला. विद्यापीठ म्हणे, आमच्या १९८५ च्या कायद्याने अभ्यासक्रम काढायचा अधिकार आम्हाला आहे. डॉक्टरांच्या पात्रतांना मान्यता देणारी वैद्यक परिषद म्हणे, १९५६ च्या कायद्याच्या परिशिष्टात नसलेली पात्रता मान्य नाही. अडकले ते ‘क्लिनिकल’ या शब्दात. डॉक्टरला त्यातून पेशंटच्या खाटेजवळची तपासणी अभिप्रेत. दवाखान्याची पाटी वाचणाऱ्याला फक्त ‘कार्डिओलॉजी’ दिसते. अँजिओप्लास्टी होईल या भरवशावर अटॅकचा पेशंट तिथे आला, तर वेळ वाया जातो. ही हरकत खरीच आहे. पण मग पाटीवरचे शब्द ठरवून द्यायचे होते. या डिप्लोमाची नोंद नाकारून दोन वर्षांचे कसब कागदावर शून्य करणे खान्देशाला महागात पडले.

कारण ते कसब इथेच लागते. छातीत दुखत आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये (हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या रेघांत) एसटी हा भाग वर गेला असेल, तर छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर ही लीड लावून बघायचे. तिथेही एसटी वर असेल, तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी द्यायची नाही. हृदयाचा उजवा कप्पा आधीच दुबळा झालेला असतो, बीपी एकदम कोसळते. १२० मिनिटांत कॅथलॅब गाठता येत नसेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून गुठळी विरघळवायचे इंजेक्शन: टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, पंचाहत्तरीपुढे निम्मे.

२०१८ मध्ये जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले, पुढे नंदुरबारलाही. २०२० मध्ये जुन्या वैद्यक परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला.

हृदयरोगाच्या प्रतिबंधाचा भाग मात्र अजूनही दुय्यमच धरला जातो. संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीवर) हृदयाची झडप खराब होऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी: १२ लाख युनिट, २७ किलोंखालच्या मुलाला ६ लाख. सातपुड्यातले कुटुंब दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाते आणि डोस तुटतात. म्हणून मुलाच्या कार्डावर पुढच्या तारखेशेजारी तोडीच्या गावाचे नावही लिहावे, आणि तिथल्या दवाखान्यासाठी चिठ्ठी आधीच हातात द्यावी.