पार्श्वभूमी : उद्योजकाचा स्वभाव आणि ‘जोखीम’ नावाचा घोळ

नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेकडे उद्योजकता शिबिर म्हटलं की प्रश्नावली ठरलेली असायची. वाक्यांची यादी, प्रत्येक वाक्यापुढे सहमत-असहमतचे रकाने. त्यात एक वाक्य हमखास : ‘मला जोखीम घ्यायला आवडते.’ कागद वाटायचं आणि गोळा करायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. खानापूर-आटपाडीकडच्या एका गलाईवाल्यानं तिथं ‘असहमत’वर फुली मारलेली पाहिली आणि चक्रावलो. दुष्काळी गावातून उठून तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान टाकलेला माणूस, आणि त्याला जोखीम नको? विचारलं तर म्हणाला, “जोखीम दुसऱ्याची असत्या सायेब. आवडायचं काय त्यात?”

त्याचं बरोबर होतं. सराफीत आणि गलाईत जोखीम म्हणजे बरोबर बाळगलेलं सोनं, रोकड, ऐवज. ‘अंगावर जोखीम आहे, एकटी जाऊ नको’ हे तर घरातही म्हणतात. प्रश्नावली मराठीत आणणाऱ्यांच्या मनात मात्र जोखीम म्हणजे नुसता धोका. गुण मोजताना त्या फुलीचा अर्थ ‘उद्योजकीय वृत्ती कमी’ असा लागला.

पण घोळ एवढ्या भाषांतराचा नाही, मूळ कल्पनेतच तो आहे. ठरल्या भावानं घ्यायचं आणि न ठरलेल्या भावानं विकायचं, असा अनिश्चितता अंगावर घेणारा माणूस म्हणजे उद्योजक, ही व्याख्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लिखाणातली. ती कामाची व्याख्या होती, स्वभावाची नव्हे. कामावरून स्वभावावर उडी पडली ती पुढे, आणि तिला शास्त्राचं रूप आलं १९६१ साली. एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलं की ज्या समाजात काहीतरी करून दाखवायची ओढ जास्त, तो समाज आर्थिकदृष्ट्या पुढे जातो. अशी ओढ असलेला माणूस जुगारी नसतो आणि भित्राही नसतो; तो मध्यम धोका पत्करतो, असाही त्याचा दावा होता.

हे दाखवायला त्याच्याकडे साधा खेळ होता. खुंटीवर रिंग टाकायची, किती लांबून ते ज्याचं त्यानं ठरवायचं. अगदी जवळ उभा राहणारा भित्रा, फार लांब जाणारा नशिबावर विसंबणारा, आणि मधलं अंतर निवडणारा खरा उद्योजक.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट १९६४ सालची. ही ओढ शिकवून वाढवता येते का, हे बघायला आंध्रातल्या काकीनाडा गावचे ५२ जण निवडले आणि त्यांना हैदराबादेत प्रशिक्षण दिलं. नंतरच्या पाहणीत प्रशिक्षण घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले : जास्त वेळ काम, नवे धंदे, नवी गुंतवणूक. परंपरा धंद्याच्या आड येते ही समजूतही त्यामुळे सैल झाली. सत्तरच्या दशकात गुजरातेत प्रशिक्षणाचे कार्यक्रम उभे राहिले, तिथून ते महाराष्ट्रात आले आणि त्यांच्याबरोबर खुंटी आणि रिंगही आमच्या हॉलमध्ये आली.

त्याच गलाईवाल्याच्या हातात रिंगा दिल्या, तेव्हा तो पाय उचलायच्या आधी म्हणाला, “चुकलं तर काय जातंय?” काही नाही, म्हटलं. “मग लांबनंच टाकतो की.” तिन्ही रिंगा भिंतीकडे गेल्या आणि कागदावर ‘अवाजवी धोका’ अशी नोंद झाली. म्हणजे एकाच सकाळी तो भित्राही ठरला आणि जुगारीही!

त्याचा धंदा पाहिला की दोन्ही शेरे हास्यास्पद वाटतात. गावातला पोरगा आधी भावकीतल्या कुणाच्या तरी दुकानात राबतो. मूस, भट्टी, तेजाब, टंच म्हणजे सोन्याचा कस काढणं, सगळं तिथंच शिकतो. गिऱ्हाइकानं टाकलेल्या जुन्या दागिन्याचा टंच अर्धा जरी चुकला तरी फटका आपल्याला, हे अंगात मुरल्यावरच तो स्वतःचं दुकान बघतो. तेही बहुधा जिथं आधीच कोणी गाववाला आहे अशा शहरात. बाहेरून ही उडी दिसते. आतून पाहिलं तर प्रत्येक पायरी चाचपलेली असते.

शिबिरातलं पहिलं व्याख्यान किर्लोस्करवाडीवर असायचं, आणि तेही धाडसाच्या अंगानं : १९१० साली कुंडलजवळचा माळ, निवडुंग, साप आणि लोखंडी नांगर. यातलं खोटं काही नाही. फक्त बेळगावातली जागा सोडावी लागली होती, औंध संस्थाननं जमीन देऊ केली होती, आणि नांगराच्या आधी सायकलींचा धंदा व कडबा कापायचं यंत्र होऊन गेलं होतं, हे वक्ते घाईत उरकत. लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जायला दोनेक वर्षं लागली. तेवढा काळ तग धरणं याला धाडसापेक्षा चिवटपणा म्हटलेलं बरं.

संशोधकांतही हा वाद मिटला नाही. १९८८ साली एका अभ्यासकानं ‘उद्योजक कोण असतो’ हा प्रश्नच चुकीचा ठरवला. तो करतो काय ते बघा, असं त्याचं म्हणणं. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून कोणी दाखवलं की व्यवस्थापकांपेक्षा उद्योजकांची धोक्याकडे ओढ जास्त असते, विशेषतः धंदा वाढवू पाहणाऱ्यांची. २००४ साली दुसऱ्या गटानं उलटं मांडलं : उद्योजक धोका टाळतात. भांडणाचं एक मूळ मोजमापात होतं. एकीकडे माणसानं स्वतःबद्दल भरलेली प्रश्नावली, तर दुसरीकडे अर्धवट वाक्यं पूर्ण करायला देऊन काढलेला निष्कर्ष. पद्धत बदलली की स्वभाव बदलतो, हे आमच्या हॉलनं आधीच पाहिलं होतं.

आता स्वभाव मोजायला पाच ठळक गुणांची चौकट चालते. तिच्या आधारानं २००६ साली केलेल्या एकत्रित विश्लेषणात उद्योजक व्यवस्थापकांपेक्षा जास्त कसोशीनं काम करणारे, नव्याला मोकळे आणि कमी चिंताग्रस्त निघाले. मनमिळाऊपणात मात्र कमी. भावकीच्या शब्दावर चालणाऱ्या गलाईत हा शेवटचा निष्कर्ष कितपत बसेल, मला शंका आहे. धंदा काढू न धजणारा शेजारी तुलनेत नव्हताच, होता तो नोकरीतला व्यवस्थापक.

२०१० साली त्याच अभ्यासकांच्या पुढच्या कामातून निघालं की धोक्याची आवड धंदा काढायच्या इच्छेशी जोडलेली आहे. धंदा नीट चालण्याशी तिचा संबंध दिसत नाही. तरीही मनोवृत्ती मोजून छोट्यांना कर्ज द्यायचे प्रयोग त्यानंतर निरनिराळ्या देशांत झाले. कागदाऐवजी स्क्रीन आली, आणि आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी ‘जोखीम’ऐवजी ‘रिस्क’ बसला. ‘जोखीम’ अजून चालते ती सराफ कट्ट्यावर, जुन्याच अर्थानं.