नोरोव्हायरस (थंडीतल्या उलट्या-जुलाब)

युरोप, अमेरिका, जपानमध्ये थंडी सुरू झाली की उलट्या-जुलाबाची जी साथ येते तिच्यामागे बहुतेक वेळा हाच व्हायरस असतो. लोक 'स्टमक फ्लू' म्हणतात पण फ्लूशी याचा काडीचा संबंध नाही, म्हणजे फ्लूची लस घेतली तरी हा व्हायचा तो होतोच. १९६८ साली ओहायो राज्यातल्या नॉर्वॉक गावात एका शाळेत मुलं नि शिक्षक धडाधड आजारी पडले, त्या साथीच्या नमुन्यांवरून १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांच्या टीमने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा व्हायरस शोधला, आणि गावाचं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत मळमळ, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, कधी थोडा ताप. १ ते ३ दिवसांत माणूस उठून बसतो. पण बरं वाटलं तरी शौचावाटे व्हायरस पुढे २ आठवडे किंवा जास्तही पडत राहतो, आणि लागण व्हायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. म्हणून तर क्रूझवर, वृद्धाश्रमात, पाळणाघरात एकाचं झालं की रांगच लागते. कच्ची कालवं खाऊनही होतो, नुसती वाफ दाखवून तो मरत नाही, नीट शिजवावीच लागतात.

आता खरी गोची सॅनिटायझरची. कोविडपासून सगळ्यांच्या पर्समध्ये बाटली असते, पण कोरोनाला बाहेरून चरबीचं आवरण असतं ते अल्कोहोलने फाटतं, याला ते आवरणच नाही, त्यामुळे जेल चोळून फारसं काही होत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली २० सेकंद हात चोळायचे, व्हायरस मरत नसला तरी धुऊन जातो.

कोणी ओकलं तर आधी ग्लोव्हज-मास्क घालून, बाकीच्यांना लांब करून, टिश्यूने ते टिपून पिशवीत बांधायचं (झाडू किंवा व्हॅक्यूम अजिबात नको, तुषार उडतात) आणि मग ब्लीच. साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्यात निदान २० मिली, किमान ५ मिनिटं तसंच ओलं ठेवायचं, लगेच पुसलं तर उपयोग शून्य. नळ, फ्लशचं बटण, दाराची कडी विसरू नका. आजारी माणसाने उलट्या-जुलाब थांबल्यावरही २ दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवू नये, डबे भरणाऱ्यांनी तर नाहीच.

औषध असं नाही, अँटिबायोटिक तर व्हायरसवर चालतच नाही. जलसंजीवनी (ओआरएस) घोट घोट देत राहायची. लहान बाळ किंवा म्हातारं माणूस सुस्तावलं, लघवी कमी झाली तर डॉक्टर गाठा.

आपल्याकडे थंडीत लहान मुलांना जुलाब लागले तर रोटाव्हायरसचा संशय आधी घेतात. त्याची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली, सरकारी दवाखान्यात ६, १० आणि १४ आठवड्यांच्या बाळाला फुकट मिळते. नोरोव्हायरसवर मात्र ती चालत नाही.