वायूतील कणसंख्या

वायूतील कणसंख्या : दिलेल्या घनफळात असलेल्या वायूच्या रेणूंची संख्या. वायू कोणता, हा प्रश्न इथे जवळजवळ गैरलागू आहे. दाब आणि तापमान सारखे असले, तर एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर कार्बन डायऑक्साइड यांत रेणू सारखेच असतात, असे इटालियन शास्त्रज्ञ आमेदेओ ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. ते किती, हे मात्र त्यांना सांगता आले नाही, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे इतर कोणालाही.

आज हे गणित एका ओळीचे आहे. दाब (पास्कलमध्ये) आणि घनफळ (घनमीटरमध्ये) यांच्या गुणाकाराला बोल्ट्झमन स्थिरांक (१.३८०६४९ × १०^-२३ जूल प्रति केल्व्हिन) आणि केल्व्हिनमधील तापमान यांच्या गुणाकाराने भागायचे. समुद्रसपाटीवर १,०१,३२५ पास्कल दाब आणि २७° सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन, तापमान धरले, तर लिटरभर हवेत सुमारे २.४५ × १०^२२ रेणू येतात. पुण्यात, जिथे दाब ९५,००० पास्कलच्या आसपास असतो, त्याच लिटरमध्ये २.२९ × १०^२२ उरतात.

खरी करामत ऑस्ट्रियातील योहान योझेफ लोश्मिट यांची. रेणू मोजायचे, तर आधी त्यांचा आकार हवा, हे ओळखून १८६५ मध्ये त्यांनी दोन गोष्टी एकत्र आणल्या. एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत रेणू सरासरी किती अंतर कापतो, हे वायूच्या श्यानतेवरून (वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधावरून) काढता येत होते. हे अंतर रेणूंची संख्या आणि व्यासाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. वायूचा द्रव केला की रेणू एकमेकांना खेटून बसतात, म्हणून द्रवाचे घनफळ संख्या आणि व्यासाचा घन यांच्या गुणाकारावर ठरते. दोन अज्ञाते, दोन समीकरणे. अडचण एवढीच, की तेव्हा हवा कोणी द्रवरूप केलेलीच नव्हती. द्रव हवेची घनता त्यांनी इतर संयुगांच्या आकडेवारीवरून अंदाजाने घेतली. टकरींमधले अंतर त्यांनी १४० नॅनोमीटर धरले, जे आजच्या मूल्याच्या दुप्पट आहे. व्यास आला ०.९७ नॅनोमीटर. खरा व्यास याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक. पण अदृश्य वस्तूच्या पहिल्याच मापाला हा नेम चांगलाच म्हणायचा.

०° सेल्सिअस आणि एक वातावरण दाब (१,०१,३२५ पास्कल) असताना घनमीटरमधील संख्या २.६८६७८ × १०^२५ आहे. तिला लोश्मिट स्थिरांक म्हणतात. एका घनसेंटिमीटरला हे सुमारे २६९ परार्ध (एक परार्ध म्हणजे १०^१७) होतात. भास्कराचार्यांच्या दशमान संज्ञांची यादी परार्धापाशीच थांबते. ॲव्होगाड्रो स्थिरांक (एका मोलमधील कणांची संख्या, सुमारे ६.०२२ × १०^२३) आणि बोल्ट्झमन स्थिरांक या दोन्हींची मूल्ये २० मे २०१९ पासून व्याख्येनेच ठरवलेली असल्यामुळे हा आकडाही आता प्रयोगावर अवलंबून नाही. प्रयोगशाळेतील अतिनिर्वातातसुद्धा, १०^-७ पास्कल दाबाला, घनसेंटिमीटरमागे सुमारे २.४ कोटी रेणू शिल्लक असतात. निर्वात हा शब्द सवलतीनेच वापरायचा.

चुका होतात त्या बहुतेक दाबाच्या. टायरमध्ये ‘तीस पाउंड हवा’ भरतात, तेव्हा मापकावरचा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. त्यात वातावरणाचा दाब मिळवला नाही, तर एक तृतीयांश रेणू हिशेबातून गळतात. मोलला २२.४ लिटर हा पाठ केलेला आकडाही ०° सेल्सिअस आणि एक वातावरण दाबापुरताच. दाब एक बार (१,००,००० पास्कल) घेतला की तो २२.७ होतो. शिवाय मिळते ती रेणूंची संख्या. ऑक्सिजनचे अणू हवे असतील, तर दुप्पट करावी लागते.

हे सूत्र आदर्श वायूचे आहे. नेहमीच्या हवेला ते उत्तम लागू पडते, दाब खूप वाढला की थोडे चुकू लागते आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरला लागूच पडत नाही, कारण आत मुख्यतः द्रव असतो. तिथे दाब पाहण्यापेक्षा वजन करावे : १४.२ किलो माल सगळा ब्युटेन धरला, तर सुमारे २४४ मोल, म्हणजे १.४७ × १०^२६ रेणू.