टीपीएसचा स्क्रू फिरवण्याआधी कपलर उघडून बघा

पाऊस लागला की मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी सगळीकडे एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) दुचाक्यांची तीच तक्रार सुरू होते. नाक्यावर थांबलं की रेस आपोआप वर राहते नाहीतर गाडी बंदच पडते, आणि घाटात हळू चढवताना झटके मारते. मग कोणीतरी सांगतं टीपीएस (रेस किती दिली ते मोजणारा सेन्सर) सेट कर, नेटवर व्हिडिओ आहेत, दोन तर स्क्रू आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की किनाऱ्यावरच्या गाडीत सेन्सर जागचा हललेला क्वचितच असतो, बिघाड बहुतेक वेळा त्याच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये असतो.

टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आपण रेस पिळतो तेव्हा इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली झडप फिरते आणि तिच्या दांड्याच्या टोकाला हा बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर सरकणारा काटा असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसाच. वायरी तीन, एक ५ व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. झडप बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ च्या आसपास, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, झडप दिसत नाही, त्याला फक्त हा व्होल्टेज कळतो आणि त्यावर तो पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो.

आता खाऱ्या हवेचं बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि आपल्याकडे पावसात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे कपलरच्या पिनांवर बसलेला खाराचा पातळ थर ओलाच राहतो, हळूहळू तिथे हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरतं, ते तांब्याचे क्षार. त्यामुळे जोडणीत रेझिस्टन्स येतो.

समजा सेन्सर ५००० ओहमचा आहे आणि बंद झडपेला ०.६ व्होल्ट देतो. अर्थच्या पिनेत नुसता २०० ओहम वाढला तरी तोच सिग्नल ०.७७ होतो. ईसीयूला वाटतं रेस थोडी दिलेली आहे, मग आयडलिंग बिघडणारच. अशा वेळी तुम्ही सेन्सर फिरवून मीटरवर ०.६ आणलात तर आज बरं वाटेल, पण पुढे कोणी कपलर साफ केला की सिग्नल ०.४२ वर येतो आणि गाडी आता उलट्या बाजूने चुकीची झालेली असते.

म्हणून आधी मोजा. इंजिन बंद, इग्निशन चालू, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन कपलरच्या मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरीला. वायरीला भोक मात्र पाडू नका, त्यातून खारं पाणी आत शिरतं आणि वायर आतून सडते. आकडा लिहून ठेवा, इग्निशन बंद करून कपलर सोडवा, काँटॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पुसा (पॉलिश पेपर नको, पिनांवरचा मुलामा जातो), वाळवा, रबर सीलला थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस लावा, परत जोडून मोजा. आकडा बदलला तर दोषी कपलर होता, सेन्सरला हात लावायचं कारणच नाही.

तरीही आकडा चुकीचाच असेल तर आधी झडपेच्या कडेचा कार्बन साफ करा, कारण त्याने झडप नीट मिटत नाही. मगच सेन्सर, आणि तोही त्याच्या स्क्रूची भोकं लांबट असतील तरच. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स हे धुराचं मानक लागू झालं तेव्हापासूनच्या बऱ्याच लहान गाड्यांत हा सेन्सर दाब-तापमानाच्या सेन्सरबरोबर एकाच सीलबंद डब्यात असतो, तिथे फिरवायला काहीच नाही, आणि केटीएम ३९० ड्यूकसारख्या राइड-बाय-वायर (रेसच्या केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक) गाडीत तर घरी उघडूच नका. फिरणारा असेल तर जुन्या जागेवर पेंटची रेघ मारा, स्क्रू किंचितच सैल करा, केसभर फिरवा, आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना तो हमखास सरकतो. बाजूचा पेंट लावलेला थ्रॉटल स्टॉप स्क्रू कंपनीत सेट केलेला असतो, तो अजिबात नाही.

शेवटी रेस अगदी सावकाश पिळत मीटर बघा. आकडा सलग चढायला हवा. मध्येच उडी मारली किंवा खाली पडला तर कार्बनचा पट्टा झिजलाय, तो बहुतेक बंद झडपेच्या जवळच झिजतो कारण काटा जास्त वेळ तिथेच असतो, आणि मग कितीही सेट करा, सेन्सर नवीनच घ्यावा लागतो.