इलेक्ट्रिक गाडी ट्रॅक-डेसाठी तयार करणं (ब्रेक आणि सस्पेन्शन)

ट्रॅक-डे म्हणजे रेस नाही. सर्किट दिवसभरासाठी भाड्याने घेतलेलं असतं, लोक आपापली रोजची गाडी घेऊन येतात, वीसेक मिनिटांच्या सेशनमध्ये मनसोक्त पळवतात आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी जातात, म्हणजे सगळं धड राहिलं तर. पेट्रोलवाले बऱ्याचदा आधी पॉवर वाढवायच्या मागे लागतात, इलेक्ट्रिकमध्ये पॉवर आधीच गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे पैसे घालायचे ते ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनमध्ये. इथे उदाहरण टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्सचं घेतलंय, कारण २०१८ ला ही गाडी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला ट्रॅक मोड (ट्रॅकवर पळवण्यासाठीचं खास सेटिंग) मिळाला, तेव्हापासून अमेरिकेत, खास करून कॅलिफोर्नियात, ह्या गाडीवर भरपूर प्रयोग झालेत. तिथल्या लागुना सेका ट्रॅकवर बऱ्याच दिवशी आवाजाची मर्यादा इतकी कडक असते की सायलेन्सर बदललेल्या गाड्यांना परत पाठवतात, इलेक्ट्रिकवाल्याला ती चिंताच नाही, त्याचे काय ते टायर ओरडतात.

इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक झिजतच नाहीत असं सगळे म्हणतात आणि रस्त्यावर ते खरंही आहे. पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी चार्ज करते (ह्यालाच रीजेन म्हणतात), पॅड डिस्कला क्वचितच लागतात, काही गाड्यांत तर वापर नाही म्हणून डिस्कला गंज चढतो. आता ट्रॅकचा हिशोब बघा. ड्रायव्हरसकट १९०० किलोची गाडी २०० च्या स्पीडवरून ८० वर आणायची तर सुमारे २.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, आणि जोरात ब्रेक मारला तर हे सगळं साडेतीन सेकंदांत, म्हणजे सरासरी ७०० किलोवॅट. रस्त्यावरच्या सेटिंगला मॉडेल ३ चं रीजेन ७०-८० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे दहातला एक हिस्सा. थोडंफार हवेचा अडथळा खातो, बाकी सगळं डिस्क आणि पॅडच्या डोक्यावर. त्यात बॅटरी फुल चार्ज करून आलात तर पहिले काही लॅप रीजेन जवळपास नसतंच. पोर्शे टायकानचं रीजेन सुरुवातीलाच २६५ किलोवॅटपर्यंत होतं आणि ह्युंदाईने आयोनिक ५ एनला समोर ४०० मिमीची डिस्क दिली, ते उगाच नाही.

सगळ्यात आधी बदलायचं ते ब्रेक ऑइल. सगळ्यात स्वस्त आणि नेमकं हेच लोक सोडून देतात. नाव ऑइल पण असतं ग्लायकॉलचं मिश्रण, ते हवेतली ओल शोषत राहतं आणि जितकी ओल तितकं लवकर उकळतं. डॉट ३ ह्या दर्जाच्या ऑइलची उकळायची किमान हद्द नवीन असताना २०५ अंश, ओल धरल्यावर १४०. डॉट ४ ची २३० आणि १५५. रेसिंगचं चांगलं ऑइल नवीन असताना ३०० च्या वर जातं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. प्रत्यक्षात काय होतं, सरळ पट्टा संपत आलाय, समोर वळण, पाय ब्रेकवर, आणि पेडल नेहमीच्या जागी अडायच्या ऐवजी ओल्या पोत्यावर पाय दिल्यासारखं खाली बसतं. तेव्हा दोन-तीनदा पटापट पंप करायचं, बहुतेकदा थोडा ब्रेक हाताशी येतो.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर मात्र पॅड तापून गेलेत. रस्त्यावरचे पॅड एका हद्दीनंतर घसरायला लागतात. ट्रॅकचे पॅड कितीतरी जास्त तापमान झेलतात, पण थंड असताना नीट पकडत नाहीत, काळी धूळ उडवतात आणि सिग्नलला अशी किंचाळी मारतात की शेजारचा काच खाली करून बघतो. म्हणून बरेच जण आदल्या दिवशी पॅड बदलतात आणि नंतर परत जुने घालतात. ह्या गाडीत मागच्या कॅलिपरमध्येच (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर आहे, तेव्हा स्क्रीनवरून सर्व्हिस मोड लावून आधी तो सोडवायचा, पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर खर्चाला आमंत्रण. समोर ३५५ मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचे ब्रेम्बो कॅलिपर कंपनीकडूनच येतात (हेच ब्रेम्बो चाकणच्या कारखान्यात दुचाकीचे ब्रेक बनवतात), त्यामुळे नवख्याने लगेच मोठा ब्रेक किट घ्यायची घाई करू नये. ऑइल, पॅड आणि डिस्ककडे हवा नेणारे डक्ट एवढ्यावर खूप भागतं.

सस्पेन्शनमध्ये सगळ्यात मोठी अडचण कॅम्बरची, म्हणजे चाक आत-बाहेर किती झुकलंय त्याची. बॅटरी खाली असल्याने गाडी फार झुकत नाही, पण वजन कुठे जात नाही, ते वळणात बाहेरच्या पुढच्या टायरवर येऊन बसतं. चाकाचा वरचा भाग आत झुकवला तर टायर पूर्ण टेकतो, ट्रॅकवर अडीच-तीन अंश लागतात, आणि मॉडेल ३ ला पुढे कंपनीची ॲडजस्टमेंटच नाही, मुळात एक अंशाच्या आसपास मिळतो. परिणाम असा की टायरची बाहेरची कड खरवडून निघते आणि आतली नवी कोरी. चाकाला वरून धरणारे आर्म ॲडजस्ट होणारे घातले की फरक पहिल्याच दिवशी कळतो, माझ्या मते कॉइलओव्हरच्या आधी हे करावं. कॉइलओव्हर म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट. उंची १५-२५ मिमी कमी केली की बास, मुळात १४० मिमीच आहे आणि खाली बॅटरी, त्यात कडेच्या कर्बवर गाडी चढणारच. टायरसाठी २० इंचाऐवजी १८ इंचाची रुंद चाकं लोकप्रिय आहेत, पण ३५५ च्या डिस्कवर प्रत्येक १८ इंची चाक बसत नाही, आधी लावून बघायचं. हे सगळं झालं की अलाइनमेंट, नाहीतर केलेलं वाया.

भारतात चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हे ट्रॅक आहेत. टेस्लाने मुंबईत बीकेसीला जुलै २०२५ मध्ये शोरूम उघडलं ते मॉडेल वाय घेऊन, मॉडेल ३ नाही.

सेशन संपलं की एक लॅप हळू चालवून ब्रेक थंड करायचे. पिटमध्ये आल्यावर खरी गंमत, पार्क लावलं की हँडब्रेक आपोआप लागतो आणि तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात, म्हणून आधी जरा फिरवून मगच उभी करायची. जॅक लावताना ठरलेल्या चार जागीच, रबराची चकती मध्ये ठेवून, बॅटरीच्या पत्र्यावर लागला तर संपलं. आणि दर वेळी चाकाचे नट टॉर्क पान्याने १७५ न्यूटन-मीटरला तपासायचे, गरम-थंड होऊन ते सैल पडतात.